बारदान्यासकट चौऱ्याहत्तर किलो

मामा, तुमच्या आमगावच्या दुकानात, गणवेशांच्या कापडाच्या वरच्या फळीवर माझं पॅराशूट अजून तसंच ठेवलेलं आहे. धूळ बसू नये म्हणून तुम्ही त्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाकला होता, तोही तसाच आहे. आज तुमची तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले आणि मामी मला म्हणाली, "जाय वो रंजू, तुहा तो बोजा घेऊन ये. मले त्याच्याकडे पाहावत नाई." मी गेले, शटर वर केलं, फळीखाली उभी राहिले, आणि हात काही वर जाईना. शेवटी शटर ओढून रिकाम्या हातांनी परत आले.

दिवाळीत तुम्ही ते जप्त केलंत, त्यावरून आपलं भांडण झालं, आणि ते मिटायच्या आत तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. आपल्या भांडणात शेवटचा शब्द नेहमी तुमचा असायचा. या वेळी तुम्ही माझ्या शब्दाला नुसतं हो म्हणालात, आणि तो इतका वाईट आहे की मला तो परत घ्यायचा आहे. आता कोणाकडून घेऊ? म्हणून लिहायला बसले.

लोक आज तुमच्याबद्दल बोलत होते ते ऐकून तुम्ही हसला असता. कोणी म्हणत होतं, हेमराजभाऊ फौजेत बॉर्डरवर होते. तुम्ही बंदूक कमी आणि कापडच जास्त हाताळलंत. आग्र्याला चोवीस वर्षं पॅराशूटच्या घड्या घातल्या, आणि घरी येऊन पोरांच्या चड्ड्या शिवल्या. यात तुम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. चड्डीची शिवण उसवली तर पोरगं हसं करून घेतं, पॅराशूटची उसवली तर रडायला उरत नाही, म्हणून शिवण एकच घालायची, पक्की, असं तुम्ही दुकानात काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. आणि आमगावातल्या आयांनी तुमच्यापुढे हात टेकले होते, कारण चड्डी फाटायची, शिवण उसवायची नाही.

मला लहानपणी सगळ्यात आवडायची ती तुमची कार्डाची गोष्ट. दवनीवाड्याहून मी सुटीत तुमच्याकडे आले की पहिल्या दिवशी तीच सांगायला लावायची. प्रत्येक पॅराशूटबरोबर एक कार्ड. कार्डावर दोन सह्या, एक घडी करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. आणि कधीही, कोणत्याही दिवशी, साहेब गोदामात येणार, ढिगातल्या एका पॅराशूटवर बोट ठेवणार आणि ज्याची सही असेल त्याला म्हणणार, "हेमराज, ये पहन और कूद." आपल्या घडीवर आपणच उडी मारायची. "म्हणून मी कोनाच्याच घडीत उन्नीस-बीस केलो नाई," तुम्ही म्हणायचात. "कोन जाने कोनता माह्याच नशिबात येईन!"

अशा तुम्ही किती उड्या मारल्या कोण जाणे, पण घराच्या कवेलूंच्या छपरावर चढायची पाळी आली की तुमची कंबर धरायची. दरवर्षी पावसाच्या आधी मामीच साडीचा काचा मारून वर जायची आणि तुम्ही खाली शिडी धरून उभे. "विमानाले दरवाजा रायते," तुम्ही मला समजावून सांगायचात, "याले काय हाये?" मामी वरून म्हणायची, "याले मी हावो." हे आठवून मी आज पंगतीत वाढता वाढता हसले. आईने डोळे वटारले.

मला हा नाद लावला तो तुम्हीच, हे आई अजून तुम्हाला माफ करायला तयार नाही. कामठ्याजवळच्या धावपट्टीवर शिकाऊ पोरांची विमानं उडायची. तुम्ही मला स्कूटरवर बसवून तिथल्या धानाच्या बांध्यांपर्यंत न्यायचात. विमान डोक्यावरून गेलं की विचारायचात, "आता इथून उडी मारली त कुठं पडशीन?" मी वर पाहायची. तुम्ही टपली मारून माझं तोंड खाली करायचात. "वर काय पायतं? धान पाय. लोंबी कोनीकडे झुकली?" वारा धानात दिसतो, हे मी तिथे शिकले. पुढे थायलंडमध्ये पहिल्यांदा उतरताना खाली भाताची शेतं होती. बाकीचे वाऱ्याची कापडी पिशवी शोधत होते आणि मी भात पाहून वळले. प्रशिक्षकाने विचारलं, हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, मामांनी.

पुण्यातली नोकरी, वर्षातून दोनदा थायलंड आणि तुमचे फोन, असं माझं चाललं होतं. दोनशे उड्या झाल्यावर मी विंगसूट घेतला आणि तुम्हाला दाखवायला आमगावला आणला. गेल्या वर्षी, धानाच्या दिवसांत. काखेपासून कमरेपर्यंत कापडाचे पंख, दोन्ही पायांच्या मध्ये कापडाची शेपटी. तो घालून विमानातून उडी मारली की माणूस दगडासारखा खाली न येता मैल दोन मैल पुढे तरंगत जातो. दुकानातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तो उलटा केलात, शिवण शिवण बोटांनी चाचपलीत आणि म्हणालात, "शिलाई चांगली हाये. पर बाई, हात कुठून काढशीन?"

मामा, मी त्या वेळी डोळे फिरवले. पण विंगसूटसाठी पॅराशूट कोणतं घ्यावं याबद्दल मी पुढे जे जे वाचलं, ऐकलं, ते सगळं तुमच्या त्या एका प्रश्नात होतं. साध्या उडीत पॅराशूट उघडताच हात वर करून पट्टे धरता येतात. दोऱ्यांना पीळ बसला तर पाय झाडून तो सोडवता येतो. विंगसूटमध्ये हात पंखांत अडकलेले आणि पाय शेपटीत. चेन उघडून ते मोकळे होईपर्यंत जे काही करायचं ते वरच्या कापडाने एकट्याने करायचं. म्हणून ते कापड शांत हवं, मोठं हवं, उघडताना सरळ उघडणारं हवं.

तुमच्या काळात पॅराशूट गोल असायची. ही आताची, गादीसारखी लांबट, हवेचे खण असलेली, तुम्ही शिकलात ती माझ्यामुळे, आणि माझ्यापेक्षा जास्त शिकलात. गिऱ्हाईक नसलं की मोबाइल शिलाई मशीनला टेकवून तुम्ही परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहायचात. त्यांचं बोलणं कळायचं नाही म्हणून आवाज बंद. पॅराशूट उघडायला लागलं की थांबवायचं, चष्मा कपाळावर सारून शिवणी मोजायच्या, पुन्हा चालू करायचं. महिनाभराने मी पुन्हा आमगावला आले तेव्हा निकाल दिलात, सात खणी, सरळ टोकाचं.

मला नऊ खणी हवं होतं, टोकांना निमुळतं. आणि लहान. थायलंडच्या चांगल्या चांगल्या उडणाऱ्यांकडे तसंच होतं. एक पट्टा जरा ओढला की गर्रकन वळायचं, उतरताना जमिनीवरून सुसाट जायचं, पाठीवर बोजाही इवलासा. तुम्ही म्हणालात, "तो घोडा हाये वो. तुले बैल पायजे. हात बांधून घोड्यावर बसते काय कोनी?" मी म्हटलं, "मामा, आता जमाना बदलला." तुम्ही म्हणालात, "जमाना बदलला, जमीन थेच हाये." असे आपण चार दिवस भांडलो. मामी लाखोळीच्या डाळीचे वडे तळता तळता म्हणाली, "दोघायलेबी एकाच पोत्यात घालून फेका वरून."

खण किती ते ठरेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी आकार तरी ठरवू. हिशोब सोपा, एका पौंडाला एक चौरस फूट कापड. मग वजन करायला हवं. घरचा काटा मोडका, म्हणून गेलो राइस मिलमध्ये, धानाच्या काट्यावर. शालिकभाऊ काटेवाले तुमचे जुने दोस्त. मी अंगात विंगसूट, पाठीवर जुन्या पॅराशूटचा बोजा, डोक्यावर हेल्मेट अशी काट्यावर उभी, आणि धानाच्या पोत्यांवर बसलेला सगळा गाव दात काढून राहिलेला. शालिकभाऊंनी वजन पाहिलं आणि रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायच्या सवयीने विचारलं, "बारदाना?" आणि तुम्ही, वर्षानुवर्षं त्याच काट्यावर आपलं धान मोजून घेतलेले तुम्ही, त्याच सवयीने म्हणालात, "काप." मग माझं सगळं सामान एका पोत्यात भरून वेगळं तोललं. पावतीवर आलं, एकूण चौऱ्याहत्तर, बारदाना सोळा, निव्वळ अठ्ठावन्न. धानाची पावती वाचणारा माणूस खालचा आकडा वाचतो. तुम्ही तोच वाचलात, मनातल्या मनात पौंड केले आणि म्हणालात, "एकशे अठ्ठावीस. म्हनजे एकशे तीस फूट पुष्कळ झाला."

मामा, आता ते सांगते जे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मला त्याच क्षणी कळलं होतं. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात की विमानातून उडी मारताना जेवढं काही अंगावर असतं ते सगळं वजनात धरायचं, बुटाच्या नाडीपर्यंत. चौऱ्याहत्तर किलोचे एकशे त्रेसष्ट पौंड होतात. मला एकशे साठ फुटांच्या खालचं काही घ्यायचं कारण नव्हतं. पण तुम्ही एकशे तीस म्हणालात आणि मला हवं होतं एकशे वीस, आणि एकशे तीसवरून एकशे वीस फार लांब नाही. मी गप्प राहिले. उलट शालिकभाऊंना म्हटलं, पावती द्या, जपून ठेवते. पुढे थायलंडच्या प्रशिक्षकाने जेव्हा विचारलं की एवढं लहान, आणि तेही निमुळतं, कशासाठी, तेव्हा मी छाती काढून सांगितलं, माझ्या मामांनी चोवीस वर्षं पॅराशूटचं काम केलंय, त्यांनी ठरवून दिलंय. तुमचं नाव मी ढालीसारखं पुढे केलं. याची मला इतकी लाज वाटते की हे वाक्य लिहायला अर्धा तास लागला.

तुम्हाला चूक कळली ती आठ दिवसांनी. फोन केलात तेव्हा तुमचा आवाज कधी ऐकला नव्हता तसा होता. "रंजू, माह्याच्यानं मोठी चूक झाली वो. धानाचा बारदाना गोदामात रायते. तुहा बारदाना त तुह्या संगंच खाली येन ना! नोको घेऊ तो एकशे तीसवाला." मी म्हटलं, "मामा, मागवून झाला. तोबी एकशे वीस."  तुम्ही म्हणालात, "वापस कर." मी म्हटलं, "तुमीच त सांगतला होता, आता काऊन पलटून राहिले?" आणि तुम्ही फोनवर माफी मागितलीत. माझी. मी ती घेतली, मामा. "जाऊ द्या, होते असा" असं म्हणून, मोठेपणाने घेतली.

फेब्रुवारीत थायलंडमध्ये ते उघडलं तेव्हा काय झालं, तेही तुम्हाला सांगितलं नाही. तरंगणं छान झालं होतं. छोटी छत्री फेकली, ती मोठ्या कापडाला ओढून काढते ती, पण माझ्या पंखांमागच्या मेलेल्या हवेत ती क्षणभर लटपटली आणि कापड वाकडं निघालं. वर पाहिलं तर दोऱ्यांना पीळ. मोठं, सरळ टोकाचं असतं तर डोक्यावर मुकाट उभं राहिलं असतं. हे डावीकडे कललं आणि मला गरगर फिरवायला लागलं. हात पंखांत. पाय शेपटीत. आणि मामा, त्या गरगरण्यात माझ्या कानात इंग्रजीतली एकही सूचना आली नाही. तुमचा आवाज आला, "पर बाई, हात कुठून काढशीन?" कसे काढले मला माहीत नाही. ते पॅराशूट सोडून द्यायची मूठ ओढली, पाठीवरचं दुसरं, राखीव, उघडलं, आणि सोडलेलं कापड कोणी शोधून आणून दिलं तरी मी अननसाच्या शेतात बसून ढसाढसा रडत होते. त्या संध्याकाळी तुमचा फोन आला. मी म्हटलं, "मस्त झाल्या उड्या."

म्हणजे दिवाळीत मी आमगावला आले ती हे सगळं पोटात ठेवून. गावात मंडईची जत्रा होती, दंडारीच्या नाचाचे ढोल ऐकू येत होते, आणि तुम्ही नेहमीप्रमाणे दुकानाच्या फरशीवर चादर अंथरून म्हणालात, "आन, पाहू दे तुहा बोजा." राखीव पॅराशूटचं कार्ड तुम्ही हातात घेतलंत. त्यावर जानेवारीची घडी आणि लगेच फेब्रुवारीची घडी. राखीवची घडी महिन्याभरात दुसऱ्यांदा कोणी हौस म्हणून घालत नाही. तुम्ही कार्डाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"काई सांगाचा हाये काय, रंजू?"

"नाई मामा. काय सांगाचा?"

"बरं," तुम्ही म्हणालात. मग कार्ड परत ठेवलंत आणि मुख्य पॅराशूट उलगडून घडी घालायला बसलात. नदीच्या रेतीच्या त्या छोट्या पिशव्या, तुम्ही जुन्या जीन्सच्या शिवलेल्या, एक एक घडी बसली की तिच्यावर ठेवत होतात. इतक्या हळू घडी घालताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. झालं तेव्हा ते उचलून तुम्ही स्टुलावर चढलात, शिडीला भिणारे तुम्ही, आणि वरच्या फळीवर ठेवून दिलंत. "हा इथंच राहीन. दुसरा आन, बारदान्यासकट मोजून आन, मंग बोजा ने." मी भडकले. मी काय शाळेतली पोर होते? दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर मी तुम्हाला म्हटलं, "चूक तुमची होती, मामा. सजा मले काऊन?"

तुम्ही स्टुलावरून उतरत होतात. न वळता म्हणालात, "हो. माहीच होती."

मी ऑटो पकडून गोंदियाला गेले. पाया पडले नाही. त्यानंतर दोनदा फोनवर बोललो, थंडी किती आहे आणि धान निघालं का, एवढंच. आणि मग मामीचा फोन आला की तुम्ही मशीनवर बसल्या बसल्या मान टाकलीत. सुईखाली एका चड्डीची शिवण अर्धी राहिली होती. मामीने ती त्याच दिवशी, रडता रडता, पूर्ण केली म्हणे. पोराला शाळेत जायचं होतं.

इथवर काल लिहिलं आणि पुढे जमेना. आज सकाळी मी मामीजवळ चुलीपाशी जाऊन बसले. लिहून काही होणार नाही, जिवंत माणसाला सांगायला हवं, असं वाटलं. तुमच्यानंतर ते मामीलाच सांगण्यासारखं होतं, कारण गेलं वर्षभर तिने तुम्हाला झोपेत कूस बदलताना पाहिलं होतं. मी म्हटलं, "मामी, त्या काट्यावरची चूक मामाची नोहती. मले तवाच समजला होता. मी मुद्दाम बोलली नाई." आणि मान खाली घालून बसले. ती मला आता उठवून लावणार, अशी माझी खात्री होती. तिचा तो हक्क होता.

मामीने फुंकणी खाली ठेवली. "त्यायले मालूम होता," ती म्हणाली.

"काय मालूम होता?"

"का तुले मालूम होता म्हणून. तुह्यासंग फोनवर बोलले ना, तवाच म्हणे मले, पोरगी दोनशे उड्या मारून आली, तिले वजनाचा हिशोब येत नसन काय? तिले समजला होता. पर तिले थेच पायजे होता."

"मंग मले बोलले काऊन नाई?"

"मीबी हेच म्हनली त्यायले. म्हनली, झाडा त्या पोरीले चांगली. त म्हणे, मी म्हनलो त ते खोटी पडन. एकडाव खोटी पडली त मंग मले काईच सांगनार नाई. आकडा मी सांगतलो, त चूकबी माह्याच नावावर राहू दे."  मामी लाकूड आत सारत म्हणाली, "पर दिवाळीत त्यायनं वाट पाह्यली वो. तू सांगशीन म्हणून. दोन-तीनदा मले म्हनले, आज सांगन ते."

मामा, यापेक्षा तिने मला चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. तिने मला रडू दिलं, आणि मग तिच्या पद्धतीने म्हणाली, "बस झाला. चाल, तो बोजा काढून आनू. ते शिडीले भेत. मी नाई भेत."

दुकानात तीच स्टुलावर चढली. मच्छरदाणी बाजूला केली, बोजा माझ्या हातात दिला. वरच्या कप्प्यात, जिथे राखीवचं कार्ड असतं, तिथे आणखी एक कार्ड होतं. गणवेशाच्या कापडाच्या पुठ्ठ्यातून कापलेलं, पट्टीने रेघा मारलेलं, तुमच्या अक्षरात. वजन सर्व सामानासह चौऱ्याहत्तर किलो. बारदाना कापू नये. कापड सात खणी, सरळ टोकाचे, एकशे साठ फूट. छोटी छत्री मोठी घ्यावी, तिचा पट्टा लांब ठेवावा. खाली, घडी करणाऱ्याच्या जागी, हेमराज. आणि तपासणाऱ्याची जागा रिकामी. त्याच्यापुढे तुम्ही नुसती रेघ ओढून ठेवली होती, सहीपुरती.

मी तिथेच दुकानात विंगसूट चढवला. बोजा पाठीवर घेतला, हेल्मेट घातलं. तुमची शेवटची घडी त्या बोजात आहे. नवं कापड आलं की ती उघडावी लागेल हे मला कळतं, आणि मी उघडीन, पण आज नाही. मामीला घेऊन भर बाजारातून मिलपर्यंत चालत गेले. लोक पाहत होते. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी हेमराजभाऊंच्या भाचीला काय झालं, असं त्यांना वाटलं असेल. मिलमध्ये धानाच्या गाड्या लागल्या होत्या. शालिकभाऊंनी मला पाहिलं आणि काट्यावरचं पोतं मुकाट्याने उतरवायला लावलं. त्यांचे डोळे भरले होते. मी काट्यावर उभी राहिले. या वेळी कोणी हसलं नाही.

"चौऱ्याहत्तर," शालिकभाऊ म्हणाले. मग, जन्माची सवय, पेन पावतीवर टेकवून त्यांनी विचारलं, "बारदाना किती कापू, बाई?"

"काहीच नोका कापू, भाऊ," मी म्हटलं. "मागच्या वर्षीबी कापाचा नोहता. मले मालूम होता, मी बोलली नाई." हे मी मोठ्याने म्हटलं, पोत्यांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. दिवाळीत जे बोलले तेही लोकांसमोरच बोलले होते ना.

 शालिकभाऊंनी एकूणच्या पुढे चौऱ्याहत्तर लिहिलं, खालच्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. मी तुमचं कार्ड त्यांच्या पावतीबुकावर ठेवलं.

सात खणी आजच मागवते आहे, मामा, एकशे साठ फुटांचं. त्याची पहिली घडी तुमच्या दुकानाच्या फरशीवर घालीन, तुमच्या रेतीच्या पिशव्या ठेवून, आणि त्या घडीवर पहिली उडी मीच मारीन. तुम्ही गेलात याचं दुःख आहेच, पण तुम्ही वाट पाहत होतात आणि मी आले नाही, हे त्याहून जड आहे. ते मी आता वजनात धरलं आहे. चूक माझी होती. खाली, तुम्ही कार्डावर ओढलेल्या रेघेवर, सही केली आहे.